बिननावाची घळ

मी आयुष्यात एकदा देव तयार केला आहे. मूर्ती बसवून, होमहवन करून नव्हे. खिडकीच्या गजांना गंज धरू नये म्हणून आधी मारतात ना, त्या शेंदरी रंगाने. डब्याच्या तळाशी उरलेला, वर साय धरलेला रंग आणि केस गळणारा जुना ब्रश. जंगलातली वाट चुकू नये म्हणून एका दगडावर बाण काढायला गेले. बाण काही निघेना, तळहाताएवढा गोळा झाला. म्हटलं, चालेल, खूण तर झाली! कोकणातल्या आजोळी जिचं लहानपण गेलं, तिला शेंदरी गोळा फासलेल्या दगडाचं पुढे काय होतं हे सुचू नये? आणि ही बाई शाळेत इतिहास शिकवत होती, वर एम. ए. करत होती. आता नातवंडांनी काही मूर्खपणा केला तर मी रागावत नाही. कोणत्या तोंडाने रागावू?

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. मागच्या गॅलरीतून जंगल दिसायचं. हेच जंगल पलीकडे बोरिवलीला उतरतं. नळाला पाणी कमी आणि गॅलरीत माकडं जास्त, अशी आमची कॉलनी. मी तिशीच्या अलीकडची, दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालायला लागलेली, आणि स्वतःला फार विद्वान समजणारी.

त्या विद्वत्तेला खतपाणी घातलं ते घाटकोपरच्या कॉलेजातल्या आमच्या सरांनी. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, इंग्लंडमधल्या एका जुन्या राजाच्या जंगलाबद्दलचं. मला त्यांनी ते दोन महिन्यांसाठी दिलं. ते मी पोळ्या लाटताना ओट्यावर उघडं ठेवून वाचत असे. परत केलं तेव्हा पानापानांत कणीक होती.

त्या पुस्तकाने मला वेड लावलं. सर म्हणायचे, "तिथे जंगल म्हणजे झाडं असं समजू नका. जंगल म्हणजे राजाचा कायदा. कायदा लागू झाला की शेत, गाव, माळ, सगळं जंगल." राजाला हरणांची शिकार करायची, म्हणून आत राहणाऱ्या माणसाने लाकूड तोडायचं नाही, कुंपण घालायचं नाही. पाळलेल्या कुत्र्याच्या पुढच्या पायांची तीन-तीन बोटं छाटायची, म्हणजे तो हरणामागे धावणार नाही. आणि जंगलाची हद्द ठरवायला गावातली म्हातारी माणसं चालत निघायची: या ओकपासून त्या ओढ्यापर्यंत, तिथून अमक्या दगडापर्यंत. नावं सांगत चालायचं, कारकुनाने लिहून घ्यायची. लांडगे केव्हाच संपले तरी लांडग्यांच्या नावाची खोरी राहिली, गावं उठली तरी गावांची नावं राहिली.

झालं. मी ठरवलं, आपला प्रबंध आपल्या जंगलातल्या नावांवर. बोरींची बोरिवली, चिंचांची चिंचपोकळी हे तर कुणीही सांगेल. मला हवी होती आतली नावं, नकाशात नसलेली.

ती नावं एका बाईच्या डोक्यात होती. आमच्या गेटावर करवंदं, शेवळांची रानभाजी, लाकडाच्या मोळ्या विकायला यायची ती वारली म्हातारी. डोंगराच्या उतारावर सात झोपड्यांचा तिचा पाडा होता. मी तिला मावशी म्हणायची. ती मला बाय म्हणायची, आणि मनात काय म्हणत असेल ते तिच्या हसण्यावरून कळायचं.

"नावं लिवून काय करशील?"

"पुस्तक करीन. त्याला प्रबंध म्हणतात."

"कागदावर येल आमचा पाडा?"

"येईल की!"

हे "येईल की" मी करवंदाचं बी थुंकावं तसं बोलून टाकलं. तिने मात्र डोक्यावरची पाटी खाली ठेवली. जंगलाला तारेचं कुंपण होणार असं तिच्या कानावर आलं होतं. सिमेंटचे खांब खाली रस्त्यावर येऊनही पडले होते. तार झोपड्यांच्या वरून गेली तर पाडा बाहेर राहणार. खालून गेली तर पाडा जंगलात, आणि जंगलात माणसांना बंदी. जंगल खात्याच्या साहेबाचं म्हणणं, ही माणसं परवा-परवा येऊन बसलीत. म्हातारीची आजी त्याच पाड्यावर बाळंत झाली होती. पण ते लिहिलंय कुठे? तिला हवा होता तो कागद. मला हवी होती पदवी. अशी आमची जोडी जमली.

मग सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तिच्यामागे निघायची. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम, तिच्यात वही. ती अनवाणी, आणि तिच्यामागे एक पिवळा कुत्रा. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "निघाली गो माझी सून, वाघाक इतिहास शिकवक!"

म्हातारी नावं सांगायची ती चालता-चालता, मागे न बघता. वाघाची बारी: इथून वाघ उतरायचा, तिच्या बापाने पाहिलेला. घोडपाणी: फिरंग्यांच्या काळात घोड्यांना पाणी पाजायचे. सुईणीचा ओहळ: एक सुईण कुणाची तरी सुटका करायला निघाली, तिला घ्यायला आलेला माणूस तिच्या पुढे चालत होता, ओहळ ओलांडल्यावर तो दिसेना, सुईणही परत आली नाही. उखळ्या म्हणजे सपाट कातळ आणि त्यात गुडघाभर खोल सात-आठ गोल खड्डे. गाव होतं तिथे, बाया भात कांडायच्या. गाव कशाने उठलं ते म्हातारीला माहीत नव्हतं. खड्ड्यांत पाणी साचलं होतं. मी वाकून पाहिलं तर पाण्यात माझा चेहरा दिसला, आणि शेजारच्या खड्ड्यातही माझाच. साधी गोष्ट आहे, दिसणारच. पण मी वही उचलली आणि पुढे झाले.

एकेक नाव लिहिताना माझ्या लक्षात येत गेलं की यातलं काहीच आता तिथे नाही. वाघ नाही, घोडे नाहीत, सुईण नाही, गाव नाही. मला तेव्हा हे फार सुंदर वाटलं होतं. "सर, इथेही तेच!" असं मी त्यांना सांगितलं आणि दोघांनी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये अत्यानंदाने कटिंग प्यायला.

पाड्यापासून वर, उखळ्यांकडे जाणाऱ्या वाटेत एक घळ लागायची. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मध्ये जेमतेम बैलगाडी मावेल एवढी जागा. घळीच्या तोंडाशी वाट दोन फाट्यांत फुटायची, आणि तिथेच कमरेएवढा एक दगड. भरदुपारी सगळं जंगल किरकिरत असायचं, पण घळीत पाऊल टाकलं की कानांत कापूस घातल्यासारखं व्हायचं. विझलेल्या चुलीत पाणी ओतल्यावर येतो तसला वास. कुत्रा तोंडाशीच थांबायचा आणि कातळावरून लांबचा वळसा घालून पलीकडे आम्हाला भेटायचा.

म्हातारी तिथे बोलायची नाही. हिरवी डहाळी मोडायची, एका ठरलेल्या जागी ठेवायची आणि पुढे व्हायची. तिथे डहाळ्यांचा ढीग होता. वर हिरवी पानं, खाली वाळलेली, त्याखाली काळी माती झालेली. किती माणसांनी किती वर्षं ठेवल्या असतील!

"मावशी, ह्या जागेचं नाव?" एकदा परतताना मी घळीतच विचारलं.

ती चालत राहिली. घळीखालचा ओहळ ओलांडला, मग माझ्याकडे वळली. "त्याला नाव नाय."

"असं कसं? एवढ्याशा डबक्याला नाव आहे, आणि—"

"नाव ठेवलं का तो वळखाया लागतो. मग तो बी तुजं नाव इचारतो." आणि हसून, "तिथं कुनी कुनाला हाक नाय मारायची. तू आपली वही गप धर."

मी वहीत लिहिलं: घळ, नाव नाही. सरांना ते पसंत पडलं नाही. "नाव नाही हे प्रबंधात कसं चालेल? प्रत्येक जागेला नाव असतं. सांगत नसतील. मिळवा."

मिळवायला मी एकटीच गेले. विद्वान ना! घळीच्या फाट्यावर चुकले, दीड तास भटकून पाड्यावर उगवले, अंगभर कुसळं. म्हातारी पोट धरधरून हसली. "एवडी शिकलीस, आन परत याया वाट कळंना व्हय गं?" मला ते फार लागलं. पुढच्या रविवारी तो रंगाचा डबा शबनममध्ये घालून गेले.

त्या दगडावर मी गोळा फासला तेव्हा दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. ब्रशचे दोन केस रंगातच चिकटून राहिले. हात पदराला पुसले आणि मोठ्याने म्हणाले, "झालं!"

डब्याचं झाकण दाबून बसवलं, डबा पिशवीत घातला, आणि तेव्हा घळीतून आलं: झालं.

मी शास्त्रीय दृष्टीची. म्हटलं, वा, काय छान प्रतिध्वनी! पण प्रतिध्वनीला इतका वेळ लागतो का, म्हणून तपासायला पुन्हा ओरडले, "झालं!" वाट पाहिली. काहीच आलं नाही. तेव्हा शास्त्रीय दृष्टी पिशवीत घालून मी जी निघाले ती म्हातारीच्या दारासमोरून थेट पाड्याच्या खाली येऊन थांबले.

मग परीक्षा आल्या, पावसाळा आला, धाकट्याला गोवर झाला. दिवाळीच्या सुट्टीतच पुन्हा वर जायला जमलं. म्हातारी घरी नव्हती, म्हणून एकटीच गेले. घळीच्या तोंडाशी पोचले आणि पाय थांबले. दगडाला झेंडूची माळ. पुढे फुटका नारळ, तांदूळ, उदबत्तीची काडी. माझा तळहाताएवढा गोळा आता दगडभर पसरला होता, थरावर थर, तेलाने चकचकीत. त्यात कुणीतरी चांदीचे डोळे बसवले होते, बाजारात मिळतात ते. वाकून पाहिलं. कपाळाच्या जागी, शेंदराखाली, माझ्या ब्रशचे दोन केस.

त्या डोळ्यांनी मला पाहिलं, असं लिहिलं तर तुम्ही हसाल. हसा. मी तेव्हा मात्र पदराने तोंड पुसत होते आणि पदर ओला होत होता.

खालून दोन माणसं आली, कारखान्यातले कामगार, सुट्टीचं फिरायला निघालेले. चपला काढून नमस्कार केला. मी विचारलं, "कुठला देव हो?"

"वाटोबा! लय जुना आहे, बाई. वाट चुकलेल्याला वाट दाखवतो."

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. मला वाटलं हसतील. त्यांनी हातातली कोयती खाली ठेवली. "गो, देवाक ग्रिलाचो रंग? आणि ज्या जाग्याक नाव नाय, थंय कित्याक खूण करूची? इतक्या तुका आवशीन शिकवल्यान नाय?" शिकवलं होतं हो. आजोळीही अशी एक जागा होती, आम्ही मुलं श्वास रोखून पळत जायचो. पण ते सगळं एम. ए.च्या आधीचं.

सरांना मी एवढंच सांगितलं की नाव मिळालं. रंगाचा डबा गाळला. "वाटोबा! बघा, मिळालं की नाही?" त्यांनी माझी पाठ थोपटली. आणि मी प्रबंधात स्वच्छ अक्षरात लिहिलं: वाटोबाची घळ, वाटसरूंच्या प्राचीन दैवतावरून. प्राचीन! अजून पुरता वाळलाही नव्हता.

पाड्याच्या लोकांनी मात्र त्या वाटेने जाणं सोडलं होतं. लांबून, कातळावरून जायचे, कुत्र्यासारखे. म्हातारीने मला त्याबद्दल काही विचारलं नाही. तिला कळलं होतं की नाही, हे मला कळत नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात साहेब आला. बरोबर दोन रखवालदार, नकाशा आणि चुन्याची पिशवी. म्हातारी माझ्या दारात हजर. "चल. वही घे. त्यो म्हनतो, जुनी खून दाखवा, नायतर पावसाच्या आत घरं सोडा."

साहेब माणूस वाईट नव्हता. घामाघूम झाला होता, टोपीने वारा घेत होता. म्हणाला, "बाई, मला हौस नाही कुणाला उठवायची. वस्ती जुनी असेल तर मी रेषा वरून नेतो. पण मला काहीतरी दाखवा."

आम्ही चालायला लागलो. म्हातारी पुढे, नावं सांगत. मी वहीत बोट ठेवून ती जुळतात हे दाखवत. साहेब नकाशावर टिपत. मला काय आनंद झाला सांगू! त्या जाड पुस्तकातलीच हद्दीची फेरी, या ओकपासून त्या दगडापर्यंत, आणि कारकून मी! सात घरांचं छप्पर टांगणीला लागलेलं, आणि मी मनात प्रस्तावना लिहीत होते.

वाघाची बारी झाली, घोडपाणी झालं. साहेब मान हलवत होता, पण त्याचं समाधान होत नव्हतं. "नावं काय, कुणीही पाठ करेल. बांधकाम? देऊळ? काही आहे का?"

तेवढ्यात आम्ही घळीशी आलो. म्हातारीने वळसा घेतला नाही. साहेबापुढे भ्यायचं नाही असं तिने ठरवलं असावं. तिने डहाळी मोडली, ढिगावर ठेवली, दगडाकडे पाठ करून उभी राहिली.

"हा देव तुमचा?" साहेबाने तिला विचारलं.

तिने हाताला लागलेला डहाळीचा चीक लुगड्याला पुसला.

"आजी, तुमचा आहे का? किती जुना? तुमचा असेल तर काम झालंच."

तिने साहेबाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि नाही अशी मान हलवली. अगदी एवढीशी. साहेबाला वाटलं, हिला माहीत नाही. त्याने नकाशाची घडी करायला घेतली.

"बाई, तुम्ही तरी बोला. नाहीतर मला खालूनच खांब टाकावे लागतील."

मी काय करायला हवं होतं? तो माझा डबा आहे असं सांगितलं असतं तर सात घरं गेली असती. मी म्हणाले, मोठ्याने, त्या घळीत उभी राहून, "हा वाटोबा. ह्या पाड्याचाच देव. फार जुना. माझ्या प्रबंधात आहे."

साहेबाचा चेहरा उजळला. त्याने नकाशावर छोटा त्रिकोण काढला, बाजूला नाव लिहिलं, लिहिता-लिहिता उच्चारलं, "वा-टो-बा." मग चुना घेतला आणि रेषा घळीच्याही वरून ओढली. "देव आणि वस्ती एकाच बाजूला असू दे. पूजेला जायला अडचण नको."

किती समजूतदार माणूस! ओहळापर्यंत उतरेस्तोवर म्हातारी एक शब्द बोलली नाही. ओहळ ओलांडला तरी बोलली नाही. मला वाटलं, आनंदाने सुचत नसेल.

खांब लागले, तार ओढली गेली. पाडा वाचला. मी पेढे घेऊन गेले. पाड्यावर कुणी खाल्ले नाहीत, कुत्र्याने खाल्ले. पुढच्या खेपेला गेले तर कुत्रा नव्हता. बिबट्याने नेला असेल, असं मीच म्हटलं. म्हातारीची सून म्हणाली, "बिबट्या हाक मारून नाय नेत." पाऊस सरेपर्यंत सातातली तीन घरं रिकामी झाली होती. कुडाच्या भिंती तशाच उभ्या, चुली गार, माणसं येऊरच्या बाजूला निघून गेली होती. कुणी उठवलं नव्हतं. कुणी नोटीस दिली नव्हती.

शेवटची गेले तेव्हा दुपार होती. वाटोबाला आलेले लोक दर्शन घेऊन खाली उतरून गेले होते, वर सगळं शांत. मी पाड्याची चढण चढत होते आणि वरून, घळीच्या अंगाने, हाक आली: "बाऽऽई." वर्गातली पोरं मारतात तशी, पहिलं अक्षर लांबवून. मी "ओ" द्यायला तोंड उघडलं. उघडलं, आणि मिटलं. का मिटलं ते सांगता येत नाही. आजोळच्या त्या जागेजवळून पळताना छाती दुखायची तशी दुखत होती.

पाड्यावर एकच झोपडी राहिली होती. म्हातारी दारात बसून घोंगडीत भांडी बांधत होती. मी धापा टाकत समोर उभी राहिले.

"मावशी, वर मला कुणी हाक मारली का गं?"

"ओ दिलीस?"

"नाही."

"मग बस. पानी पी."

मी पाणी प्यायले. ती गाठ आवळत राहिली. मी म्हटलं, "आता कशाला जातेस? तार वरून गेली. आता कुणी उठवणार नाही तुम्हाला. कागदावर आहे."

"हाय ना. तुज्या कागदावर बी हाय, सायबाच्या बी."

"मग? मी चुकले हे मला कळतंय. तो रंग मीच—"

"ठावं हाय. पैल्या दिवसाला ठावं हाय. तुज्या पदराला व्हता ना रंग."

मला रडू यायला लागलं. तिने गाठोडं डोक्यावर घेतलं, एका हाताने सावरलं, आणि माझ्याकडे बघून नेहमीसारखीच हसली.

"आमाला ऱ्हायाला जागा दिलीस, बाय, ते खरं. पन त्याला बी दिलीस, आन आमच्याच बाजूला दिलीस."